ऑपेरा गायकांची भूमिकावेशातील छायाचित्रे

ऑपेरा गायकांची भूमिकावेशातील छायाचित्रे हा कृष्णधवल व्यक्तिचित्रणाचा एक प्रकार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तो युरोप व अमेरिकेत विशेष प्रचलित होता. यांतील बहुतेक छायाचित्रे प्रयोग चालू असताना नव्हे, तर स्टुडिओत घेतलेली आहेत.

इतिहास

फ्रेंच छायाचित्रकार आंद्रे दिझदेरी यांनी इ.स. १८५४ मध्ये ‘कार्त द व्हिझित’ या लहान छायाचित्रपत्राचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक प्रतिमा घेता येत असल्याने छायाचित्रे स्वस्त झाली आणि रसिक नामवंत गायकांची छायाचित्रे विकत घेऊन जपू लागले. पुढे मोठ्या आकाराची कॅबिनेट कार्डे व पोस्टकार्डे रूढ झाली.

न्यू यॉर्कमध्ये एमे द्युपाँ यांच्या स्टुडिओने मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या अनेक गायकांची छायाचित्रे घेतली. द्युपाँ यांचे १९०० मध्ये निधन झाल्यावरही त्यांच्या पत्नीने स्टुडिओ त्याच नावाने चालवला. त्यामुळे १९०३ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये प्रथम गायलेल्या एन्रिको कारुसो यांच्या छायाचित्रांवरील ‘द्युपाँ’ हे नाव व्यक्तीचे नसून स्टुडिओचे होय. हर्मन मिश्किन हे १९१० ते १९३२ या काळात मेट्रोपॉलिटनचे अधिकृत छायाचित्रकार होते.

तंत्र

त्या काळच्या काचा प्रकाशास मंद प्रतिसाद देत. रंगमंचावरील प्रकाश त्यांना अपुरा पडे. म्हणून गायक पोशाख व रंगभूषेसह स्टुडिओत येई आणि रंगवलेल्या पडद्यासमोर भूमिकेतील एखादा आविर्भाव स्थिर धरून उभा राही. या काचा निळ्या रंगास अधिक, तर लाल रंगास फारच कमी संवेदनशील असल्याने छायाचित्रात निळे वस्त्र फिकट आणि लाल वस्त्र काळपट दिसते. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मचा वापर १९२० च्या दशकात वाढला.

ऐतिहासिक मूल्य व मर्यादा

ध्वनिमुद्रणपूर्व काळातील अनेक गायकांचा आवाज आज उपलब्ध नाही. अशा वेळी त्यांच्या भूमिकांच्या अभ्यासासाठी ही छायाचित्रे महत्त्वाची ठरतात. रशियन गायक फ्योदोर शाल्यापिन यांनी निरनिराळ्या भूमिकांसाठी केलेली रंगभूषा छायाचित्रांच्या तुलनेतून स्पष्ट होते. मात्र त्या काळी प्रमुख गायक पुष्कळदा स्वतःचेच पोशाख वापरत. त्यामुळे अशा छायाचित्रावरून गायकाने भूमिका कशी साकारली असावी याचा अंदाज येतो. मूळ प्रयोगातील नेपथ्य, प्रकाशयोजना किंवा वस्त्रांचे रंग यांविषयी केवळ त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.