सौर विजेवर छोटा फ्रिज : प्रस्तावना

सौरऊर्जेची पुस्तके बहुधा दिव्यापासून सुरू होतात. ही पुस्तिका फ्रिजपासून सुरू होते. दिवा मालवता येतो, पंखा बंद करता येतो. फ्रिजला मात्र रात्री, ढगाळ दिवशी आणि घरात कोणी नसतानाही वीज लागते. त्यामुळे या विषयातले सगळे मूलभूत प्रश्न एकटा फ्रिजच पुढे आणतो.

प्रकाशापासून वीज मिळते, हे एडमंड बेकरेल यांनी 1839 मध्ये दाखवले. व्यवहारात वापरता येईल असा सिलिकॉनचा सौरघट 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. पुढे वीज न पोचलेल्या गावांत लशी 2 ते 8 अंश सेल्सिअसला राखण्याच्या निकडीतून सौर फ्रिज घडत गेला. तिथे बॅटऱ्या लवकर निकामी होऊ लागल्या, तेव्हा बर्फातच थंडावा साठवणारे फ्रिज आले. आपल्याकडे गोदरेजने 12 व्होल्टवर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला ‘छोटूकूल’ आणला.

नवखा माणूस फ्रिजचे वॅट विचारतो. विचारायला हवेत ते रोजचे युनिट. 180 लिटरच्या एकदारी फ्रिजला दिवसाकाठी साधारण अर्धा युनिट लागतो. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी 10 ते 15 वॅट खातो, म्हणजे चोवीस तासांत आणखी पाव ते एक तृतीयांश युनिट. एकूण गरज पाऊण युनिटाच्या पुढेच. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट वीज ओढतो, म्हणून इन्व्हर्टरही ऐसपैस हवा. 330 वॅटचे पॅनेल नाशिकच्या स्वच्छ उन्हात, तूट वजा जाता, सुमारे सव्वा युनिट देते. झडीच्या दिवसांत त्याच्या निम्मेसुद्धा मिळेलच असे नाही. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर 1.8 युनिट मावतात, पण ती टिकवायची तर निम्मेच वापरावेत. म्हणून आमचे ठाम मत आहे, की जोडणीचा आराखडा वैशाखाच्या उन्हावर नव्हे, श्रावणाच्या आभाळावर बेतावा.

हा विषय शिकायला नाशिकमधले सातपूर चांगली जागा आहे. औद्योगिक वसाहतीत मोटारी आणि वायरिंग रोज हाताळणारे कामगार आहेत, जवळच शासकीय आयटीआय आहे. घरात महावितरणची वीज असल्याने गच्चीवरचा प्रयोग फसला तरी दूध नासत नाही. इथे पक्का झालेला हिशेब पुढे त्र्यंबकेश्वर किंवा पेठ भागातल्या शेतघरात कामी येईल.

पुढील प्रकरणांत पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी, इन्व्हर्टर आणि फ्यूज यांचा क्रमाने विचार केला आहे. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही; गुणाकार-भागाकार पुरेत. वाचकांना एकच विनंती : पॅनेल विकत घेण्याआधी आपल्या फ्रिजला प्लगमध्ये बसणारा वीजमीटर लावा, आठवडाभर रोजचे युनिट वहीत उतरवा आणि ती वही शेजारी ठेवूनच पहिले प्रकरण वाचायला घ्या.

सातपूर, नाशिक