न्हाणीघराची कडी

घराचा इतिहास सांगायला बसले की माणसे सोप्यापासून सुरुवात करतात. सोपा, माजघर, देवघर, फार तर स्वयंपाकघर. न्हाणीपर्यंत कुणी येतच नाही. ती बिचारी परसदारी, धुराने काळी झालेली, कोपऱ्यात शेवाळ धरलेली. आमच्या सीमाभागात कुणी तिला न्हाणी म्हणते, कुणी मोरी, कानडी शेजारीण बच्चलमनी म्हणते. नावे तिन्ही भाषांत, पण तिचे कौतुक एकाही भाषेत नाही.

आता मात्र दिवस पालटले आहेत. बाथरूम स्वच्छ, प्रसन्न कसे ठेवावे, तिथे घटकाभर निवांत कसे व्हावे, असे लेख दर महिन्याला कुठे ना कुठे छापून येतात. मंद दिवा, कुंडीतले रोप, सुवासिक तेल. ते वाचून आपल्यातल्या वयस्क बायका म्हणतात, "काय बाई थेरं! आंघोळीला एवढं कौतुक कशाला?" आणि तरुण मुलींना वाटते, ही कल्पना परदेशातून आली. मला दोघींनाही थोडे मागे न्यायचे आहे. कारण न्हाणीघराच्या इतिहासात खरे प्रश्न तीनच आहेत. गरम पाणी कुणाला मिळाले, कितव्या नंबरला मिळाले, आणि दाराला आतून कडी होती की नाही.

सुरुवात फार जुनी आहे. मोहेंजोदडोचे मोठे स्नानकुंड आपण शाळेत शिकलो. सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद, अडीच मीटरच्या आसपास खोल, आणि पाणी झिरपू नये म्हणून विटांमागे डांबराचा थर. पण मला त्या कुंडापेक्षा तिथली साधी घरे जास्त मोलाची वाटतात. अनेक घरांत आंघोळीसाठी वेगळी जागा होती. घट्ट बसवलेल्या विटांची फरशी, तिला एका बाजूला उतार, भिंतीतून बाहेर जाणारी मोरी, आणि ती रस्त्यावरच्या झाकलेल्या गटाराला जोडलेली. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याला फरशीचा उतार कळत होता. आजही नव्या फ्लॅटमध्ये पाणी कोपऱ्यात तुंबते तेव्हा त्या गवंड्याची आठवण व्हावी!

पुढे आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. बाराव्या शतकात, 1130 च्या सुमारास, त्याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने कोणकोणती सुखे कशी भोगावीत हे त्यात तपशीलवार सांगितले आहे आणि त्या सुखांमध्ये स्नानाला स्वतंत्र जागा आहे. आधी सुवासिक तेल, मग अंगमर्दन, मग तेल काढणारे सुगंधी चूर्ण, मग पाणी. म्हणजे हल्लीच्या 'स्पा'चा सगळा क्रम आपल्याच भूमीत लिहून ठेवलेला आहे. फक्त तो राजासाठी आहे. राजवाड्यात पाणी वाहणाऱ्या बाईने स्वतः आंघोळ कधी आणि कुठे केली, ते सोमेश्वराने लिहिले नाही. त्याला तसा प्रश्न पडण्याचे कारणही नव्हते.

आता आपल्या धर्माकडे येऊ. इथे एक गंमत आहे, जी बाहेरच्यांना चटकन उमगत नाही. आपले दिगंबर मुनी स्नान करत नाहीत. अठ्ठावीस मूलगुणांपैकी अस्नान हा एक मूलगुण आहे. आर्यिकांचेही तसेच. आणि त्याच धर्मातला श्रावक स्नान केल्याशिवाय पूजेला उभा राहत नाही. मग स्नान चांगले की वाईट? समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात याचा निकाल फार पूर्वीच लावला आहे. नदीत किंवा समुद्रात बुडी मारली की धर्म घडतो, असे मानणे ही लोकमूढता. म्हणजे पाण्याने मळ जातो, कर्म जात नाही. शरीर मुळातच अशुची, हे बारा भावनांमध्ये आपण म्हणतोच. तेव्हा श्रावकाच्या आंघोळीला पुण्याचे ओझे नाही. ती एक साधी गरज आहे, आणि ती विवेकाने भागवायची, एवढेच.

तो विवेक आपल्या आज्या-पणज्यांनी कसा पाळला? गाळण्याने. दुहेरी जाड कापडातून पाणी गाळायचे आणि कापडावर राहिलेले जीव, ती जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हलकेच सोडायची. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटे. पाणी डोक्यावरून आणायचे, गाळायचे, घड्याळ नसताना वेळ सांभाळायची. हे ज्या बाईने केले, ती पाण्याची नासाडी करूच शकत नव्हती. प्रत्येक तांब्याचा हिशेब तिच्या मनगटात होता.

श्रवणबेळगोळची गुल्लकायज्जी आठवते ना? बाहुबलींची 57 फुटांची मूर्ती चामुंडरायाने दहाव्या शतकात उभी केली. पहिल्या अभिषेकाच्या वेळी त्याचे घडेच्या घडे दूध मूर्तीच्या पायांपर्यंत पोचेना. आणि एका म्हातारीने फळाच्या करवंटीतून आणलेल्या इवल्याशा दुधाने सबंध मूर्ती न्हाऊन निघाली, अशी कथा आहे. तिची मूर्ती आजही तिथे उभी आहे. या कथेचा अर्थ चामुंडरायाचा गर्व उतरला असा सांगतात, तो बरोबरच आहे. मला बाई म्हणून आणखी एक अर्थ दिसतो. किती ओतले यापेक्षा कसे ओतले, हे त्या म्हातारीला ठाऊक होते.

आता आपली न्हाणी. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, बेळगाव-निपाणीकडच्या खेड्यातली. चुलीवर पक्का बसवलेला तांब्याचा हंडा, किंवा थोड्या बऱ्या घरी बंब. बंब म्हणजे मोठे हुशारीचे भांडे. मधोमध उभी नळी, तिच्यात भुसा, शेणकुटे, नारळाच्या शेंड्या पेटवायच्या. सभोवती पाणी, खाली राख पडायला जाळी, बाजूला तोटी. विस्तव पाण्याच्या पोटातच असल्यामुळे थोड्या जळणात पुष्कळ पाणी तापे. शेजारी घंगाळ, बसायला दगड, टाचा घासायला वजरी, वळचणीला शिकेकाईची पुडी. गोव्यात हंड्याला भाण म्हणतात, पण थाट तोच. आणि न्हाणीचे पाणी वाया जात नसे. ते पाटाने परसातल्या केळीला, अळूला जाई. त्या अळूची भाजी शेजारीपाजारी वाटली जाई.

ऐकायला छान वाटते. पण क्रम बघा. पहिले कढत पाणी घरातल्या पुरुषांना. मग शाळेची मुले. मग पाहुणा असला तर पाहुणा. विस्तव जिने पेटवला, हंडा जिने भरला, तिची पाळी सगळ्यांत शेवटी, तोवर पाणी कोमट आणि स्वयंपाक खोळंबलेला. दोन तांबे अंगावर घेतले की झाली आंघोळ. नाहीतर मग सगळ्यांच्या आधी, पहाटे अंधारात, गार पाण्याने. पुष्कळ न्हाण्यांना दारच नव्हते. चौकटीला जुने लुगडे टांगलेले. बाई नेसत्या लुगड्यानिशी आंघोळ करी आणि त्या ओल्यातच आडोशाला उभी राहून कोरडे नेसे. सोवळ्याओवळ्याचा जाच निराळाच. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त वडिलांच्या सोवळ्यापायी घरातल्या माणसांचे काय हाल होत, ते वाचून हसू येते आणि मग घशाशी येते. स्वच्छतेचा नियम पुरुषाने करावा आणि पाणी बाईने ओढावे, ही रीत सगळ्या जातींत सारखीच होती. आपणही त्यातून सुटलो नव्हतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मोठेपणी बाईच्या अंगाला दुसऱ्या कुणी मायेने तेल लावावे, असे प्रसंग किती? न्हाण आले तेव्हा, हळदीला, आणि बाळंतपणात. बाळंतिणीची ती शेक-शेगडी, वावडिंग-ओव्याची धुरी, कढत पाणी. त्या चाळीस दिवसांची आठवण म्हाताऱ्या बायका जन्मभर काढतात. पण नीट पाहिले तर तिन्ही प्रसंग वंशाशी बांधलेले आहेत. बाई नुसती दमली म्हणून तिला कुणी न्हाऊ घातले नाही. पाडव्याला नवऱ्याला तेल लावायची चाल आहे, ती उलटी फिरत नाही. वीरनिर्वाणासाठी आपण दिवाळीत पहाटे उठतो, शेजाऱ्यांसारखेच उटणेही लावतो. आंबेहळद, नागरमोथा, गव्हला कचोरा कुटते कोण? तीच.

मग साबण आला. आपल्या घरांत तो सहज आत आला नाही, कारण जुन्या साबणात प्राण्यांची चरबी असे. कित्येक जैन घरांत म्हणून डाळीचे पीठ आणि रिठेच बरे होते. अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला वनस्पती तेलाचा, चरबीविना साबण बाजारात आणला. त्याच युद्धामुळे चंदनाची परदेशी निर्यात अडली, म्हैसूर संस्थानाने तेल काढायचा कारखाना घातला आणि त्यातून म्हैसूर सँडल साबण निघाला. शिकेकाई कुटण्याचे बायकांचे कष्ट वाचले ते असे. पुढे नळ आला, गिझर आला, आणि या सगळ्याबरोबर न्हाणी परसातून उठून घराच्या आत आली. तिला दार मिळाले. दाराला कडी मिळाली.

माझ्या मते आपल्या घरांतली ही फार मोठी क्रांती, आणि तिची नोंद कुणी घेतली नाही. एकत्र कुटुंबात सुनेला स्वतःची अशी खोली नव्हती. झोपायची खोली नवऱ्याची, स्वयंपाकघर सासूचे. जिचे दार ती आतून लावू शकत होती अशी घरातली एकच जागा, न्हाणीघर. किती जणी तिथे नळ सोडून रडल्या असतील! किती जणींनी तिथे माहेरचे पत्र वाचले असेल! त्या खोलीला 'निवांत जागा' म्हणायला आपल्याला आता मासिकाने शिकवावे लागू नये.

म्हणून ती खोली नीट ठेवावी, असे मला वाटते. खर्च फार नाही. आपल्या धर्माने दिलेला एक नियम पुरे आहे: ओल राहू देऊ नये. ओल राहिली की जीव उत्पन्न होतात, मग ते मारण्यासाठी औषधे फवारावी लागतात आणि दुहेरी पाप लागते. मुनींच्या पाच समितींत मलमूत्र कुठे टाकावे याचासुद्धा विचार आहे, निर्जंतुक जागी, जीव बघून. गृहस्थाने निदान आंघोळीनंतर फरशीवरून वायपर फिरवावा, खिडकी उघडी ठेवावी, ओला पंचा बाहेर वाळत घालावा. बुरशी, झुरळे, वास, तिन्ही अर्ध्यावर येतात. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. गॅसचा गिझर बाथरूमच्या आत बसवू नये. बंद दारामागे त्याचा कार्बन मोनॉक्साइड वासही न येता जीव घेतो. घरात वयस्क माणूस असेल तर धरायला दांडी आणि बसायला स्टूल. अर्ध्या रिकाम्या बाटल्या काढून टाकाव्यात. अपरिग्रहाची सुरुवात तिथल्या फळीपासून केली तरी चालेल. आणि बादली ठेवावी. शॉवर मिनिटाला सात-आठ लिटर सहज ओततो. बादलीत अंघोळ पंधरा-वीस लिटरमध्ये होते. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी असावे असे सरकारी मानक सांगते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्याला ते कागदावरच दिसते.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शंभरांपैकी 42 घरांनाच छपराचे न्हाणीघर होते. आणखी 16 घरांना नुसता आडोसा. बाकीच्या घरांतल्या बायका कुठे आंघोळ करत होत्या, ते सांगायला नको. आज हा आकडा सुधारला असेल. पण आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला एकदा विचारून बघा, तिच्या न्हाणीला दार आहे का. दसलक्षण पर्वात आपण बोली लावतो, दान देतो. कुणाच्या घरी चार पत्रे, एक दार आणि एक कडी बसवून दिली तर तेही अभयदानच.

आणि आपल्यापुरते एवढे करावे. आठवड्यातून एका दिवशी सगळ्यांच्या आधी आपण आंघोळीला जावे. कढत पाण्याची पहिली बादली आपली. डोक्याला तेल आपणच चोळावे, किंवा लेकीला, सुनेला सांगावे आणि दुसऱ्या दिवशी तिचे आपण चोळावे. बाहेरून हाक येईलच. "आले दहा मिनिटांत," म्हणावे, आणि खरोखरच दहा मिनिटे घ्यावीत.