ज्ञानाची इर्जिक

कोशवाङ्मयाचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक कोशकाराच्या विद्वत्तेपासून आरंभ करतात. आम्ही मजुरीपासून करणार आहोत. आमचे आयुष्य जिन-प्रेसच्या फाटकाबाहेर आणि बाजार समितीच्या ओट्यावर गेले. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. म्हणून एखादा थोर ग्रंथ समोर आला की तो लिहिणाऱ्याचे नाव विचारण्याआधी आमच्या मनात येते ते हे की, इतक्या वर्षांच्या ह्या कामात लिहिणाऱ्यांची चूल कशावर पेटत होती? आज सर्वांच्या हातातल्या फोनवर जो विकिपीडिया नावाचा ज्ञानकोश उघडतो, तो लिहिणाऱ्यांना कोणी छदाम देत नाही. हजारो माणसे दिवसाचा धंदा आटोपून रात्री हे काम करतात. ह्याला वेठ म्हणावे की इर्जिक, हा प्रश्न आम्हाला विद्वत्तेच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

इर्जिक हा शब्द आपल्या वऱ्हाडात नवा नाही. एखाद्याची पेरणी मागे पडली, बैल बसला, घरात आजारपण आले, म्हणजे शेजारी आपापली औते घेऊन त्याच्या शेतात उतरतात आणि एका दिवसात रान हातावेगळे करतात. मजुरी नाही. धनी जेवण घालतो, आणि उद्या दुसऱ्याची वेळ आली की स्वतःचे औत घेऊन जातो. वेठीतही मजुरी नसते. परंतु वेठीला माणसाला धरून नेतात आणि इर्जिकीला तो आपल्या पायाने जातो. इतकेच नव्हे, त्याला न जाण्याचीही मुभा असते. ह्या दुसऱ्या मुभेकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

ज्ञानकोशाच्या कामात फुकट राबणारा माणूस ही मात्र आजची निपज नव्हे. फ्रान्समध्ये १७५१ साली दिदेरो आणि दालांबेर ह्यांच्या सुप्रसिद्ध कोशाचा पहिला खंड निघाला. दिदेरो हा चाकू-सुऱ्या घडविणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याने कारखान्यांत जाऊन कारागिरांकडून माहिती मिळविली आणि मोजे विणण्याच्या यंत्रावर स्वतः लेख लिहिला. विद्वानांच्या ग्रंथात हातकामाला मानाचे पान मिळाले ते ह्या कोशात, म्हणून त्याच्याविषयी आम्हाला विशेष जिव्हाळा आहे. त्याच कोशात जोकूर नावाच्या एका खानदानी गृहस्थाने सुमारे १७ हजार लेख लिहिले; एकंदर कोशाचा जवळजवळ चौथा हिस्सा. मोबदला काही नाही. उलट, हाताखालच्या लेखनिकांचे पगार भागविण्यासाठी त्याला आपले पॅरिसमधले घर विकावे लागले. ते घर विकत घेतले कोणी? कोशाच्या प्रकाशकाने! ह्या एका व्यवहारावर आम्ही कामगारांच्या अभ्यासवर्गात तासभर बोलू शकू.

मराठीत हे काम प्रथम मोठ्या प्रमाणावर अंगावर घेतले ते श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनी. त्यांचा जन्म १८८४ साली रायपूरचा, आणि शालेय शिक्षण आपल्या अमरावतीचे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट १९११ साली मिळवून ते परत आले आणि मराठीत ज्ञानकोश काढण्याचे त्यांनी मनात घेतले. सरकार परके, संस्थानिकांचा भरवसा नाही, विद्यापीठात मराठीला विचारतो कोण? तेव्हा केतकरांनी व्यापाऱ्याची वाट धरली. नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित भांडवलाची कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळविले आणि पगारी सहकारी नेमून कचेरी चालविली. कचेरी पुढे पुण्यास गेली. १९२० नंतरच्या दशकात तेवीस खंड पुरे झाले. त्या कचेरीत तयार झालेल्या य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे ह्यांनी १९३२ ते १९३८ ह्या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड सिद्ध केले, म्हणजे कचेरीतून माणसेही घडली. केतकरांनी ह्या सर्व खटाटोपाची हकीकत १९२७ साली लिहिली. तिचे नाव ‘माझे बारा वर्षांचे काम’. त्यातला ‘माझे’ हा शब्द आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला किंचित खटकतो. पण धडपड त्यांची होती हे कोण नाकारील?

दुसरा प्रयत्न राज्याचा. महाराष्ट्र राज्य झाल्याबरोबर १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले आणि वाईस विश्वकोशाचे काम सुरू झाले. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. पहिल्या खंडाच्या वर्षी जन्मलेले मूल शेवटचा खंड येईपर्यंत एकोणचाळीस वर्षांचे झाले! आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही. तज्ज्ञाने लिहावे, दुसऱ्या तज्ज्ञाने तपासावे, संपादकाने भाषा एकसारखी करावी, ह्या शिस्तीला वेळ लागतोच. आजही एखादी गोष्ट नक्की करावयाची असली की आम्ही विश्वकोश उघडतो.

अमेरिकेतही आरंभ ह्याच शिस्तीने झाला होता, हे पुष्कळांना माहीत नसते. जिमी वेल्स ह्या व्यावसायिकाने २००० साली न्यूपीडिया नावाचा कोश सुरू केला आणि लॅरी सँगर ह्या तत्त्वज्ञानाच्या पदवीधरास पगारावर संपादक नेमले. लेख तज्ज्ञांनी लिहावयाचा आणि तो तपासणीच्या सात पायऱ्या चढून जावयाचा. परिणाम असा की, २००३ साली तो बंद पडला तेव्हा पुरे झालेले लेख दोन डझनांच्या आसपास होते. दरम्यान १५ जानेवारी २००१ रोजी, ह्याच कोशाला कच्चा माल मिळावा म्हणून, कोणीही लिहावे आणि कोणीही सुधारावे असे एक जोडअंगण उघडले होते. हवाईच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. वॉर्ड कनिंगहॅम ह्या संगणकतज्ज्ञाने १९९५ साली असली पाने प्रथम तयार केली होती. अंगण वाड्याहून मोठे झाले. २००२ साली पैसा आटला आणि सँगर ह्यांचा पगार थांबला. पगारी संपादक गेला, बिनपगारी माणसे राहिली.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २००२ मध्ये, ज्याला आम्ही आमच्या भाषेत संप म्हणू अशी एक घटना घडली. कोशाच्या पानांवर जाहिराती येणार अशी बोलवा उठली. स्पॅनिश भाषेत लिहिणाऱ्या स्वयंसेवकांनी विचारले, श्रम आमचे आणि जाहिरातीचा पैसा कोणाचा? समाधान होईना, तेव्हा त्यांतले बरेच जण उठले आणि लिहिलेला मजकूर बरोबर घेऊन सेव्हिलच्या विद्यापीठाच्या आश्रयाने त्यांनी वेगळा कोश मांडला. मजकूर नेता आला, कारण कोशाचा परवानाच असा आहे की लिहिणाऱ्याचे श्रेय राखून कोणीही तो घ्यावा. त्यानंतर त्या कोशावर जाहिराती आल्या नाहीत. त्याच वर्षी त्याचा पत्ता व्यापारी वर्गातून काढून संस्थांच्या वर्गात नेण्यात आला, आणि २००३ साली त्याचा कारभार पाहण्यासाठी नफा न कमावणारे प्रतिष्ठान निघाले. ज्याला मजुरी नाही त्याच्या हातात संपाचे हत्यार कसले, असे आम्हाला वाटत असे. येथे ते होते, आणि चालले. इर्जिकीला न जाण्याची मुभा आम्ही म्हटली ती हीच.

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी. कामगारदिनी असेही आम्ही म्हणू. आरंभीच्या लेखांत एक वसंत पंचमीवर होता, ही गोष्ट वसंतातल्या ह्या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना आवडेल. तेव्हा संगणकावर देवनागरी उमटविणे हीच एक खटपट होती; अक्षर एका यंत्रावर नीट दिसे आणि दुसऱ्यावर त्याचे चौकोन होत. तरीही लिहिणाऱ्यांनी आपली परिभाषा मात्र अस्सल मराठी घडविली. नवख्याने हात बसविण्याच्या पानाला त्यांनी ‘धूळपाटी’ म्हटले. सर्वांनी मिळून वाद घालण्याची जागा ती ‘चावडी’. मत घ्यावयाचे म्हणजे ‘कौल’ लावावयाचा. आणि सांगितलेले तेवढे, न थकता आणि न समजता करणारी जी यांत्रिक आज्ञावली असते तिचे नाव ‘सांगकाम्या’! एखाद्या सरकारी परिभाषा-समितीला हा शब्द सुचला असता असे आम्हाला वाटत नाही. आज ह्या कोशात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. काही भरघोस, पुष्कळसे दोन-चार ओळींचे.

कोणीही येऊन काहीही लिहील, मग भरवसा कशाचा, हा आक्षेप आम्ही प्रत्येक सभेत ऐकतो. त्याचे उत्तर प्रत्येक पानाच्या पाठीमागे असते. पानावर झालेला प्रत्येक बदल, कोणत्या नावाने, कोणत्या दिवशी, किती वाजता झाला, हे जसेच्या तसे राखलेले असते आणि कोणासही पाहता येते. संघटनेत ज्याने इतिवृत्ताची वही सांभाळली आहे त्याला ह्याची किंमत सांगावी लागत नाही. खोडसाळपणा होतो, जातीचे आणि पुढाऱ्यांचे भक्त पाने ओढतात, हेही खरे. पण खोडलेली ओळ पुसली जात नाही, ती मागे राहते आणि खोडणाऱ्याचे नाव सांगते.

छापील खंडाला जे साधत नाही ते येथे साधते, ह्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणारचे विवर १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदविले. ते ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद दीर्घकाळ चालला. अखेर उल्केच्या बाजूने निकाल लागला. मग वयाचा प्रश्न आला. पन्नास-बावन्न हजार वर्षे हा आकडा पुष्कळ दिवस सर्वत्र होता. पुढे २०१० च्या सुमारास आर्गॉनच्या मोजणीने तो सुमारे पाच लाख सत्तर हजारांवर गेला, म्हणजे दसपटीहून अधिक! २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, त्यात खारट पाण्यातले सूक्ष्म जीव सापडले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेले. एकदा बांधलेल्या खंडात ह्यांतले काय घालता येणार? चालू कोशात हे कोणीतरी एका संध्याकाळी, आधार देऊन, घालू शकतो.

आधार देऊन, हे शब्द मात्र फार जड आहेत. कोशाचा नियम असा की, स्वतःचे संशोधन लिहावयाचे नाही. जे अन्यत्र विश्वासार्ह ठिकाणी छापले गेले आहे तेच, त्याचा दाखला देऊन, तटस्थपणे मांडावयाचे. नियम योग्यच आहे. त्यावाचून चावडीचा बाजार होईल. परंतु ज्यांच्याविषयी कोणी छापलेच नाही त्यांनी काय करावे?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांचेच पाहा. वडील बापूजी हरी शिंदे येथल्या कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवरील बालहत्येच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीवर जो चिखल उडविला, त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. ती १८८२ साली पुण्यास छापली गेली. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली. नंतर काळोख. १९७५ साली स. गं. मालशे ह्यांनी ते पुस्तक पुन्हा छापले तेव्हा मराठी वाचकाला कळले की अशी बाई आपल्यात होऊन गेली. मधली त्र्याण्णव वर्षे! १९७४ साली असा खुला कोश असता आणि बुलढाण्याच्या एखाद्या पोराने ताराबाईंचे पान उघडले असते, तर ‘संदर्भ हवा’ असा शिक्का बसून ते बहुधा काढले गेले असते. आज तसे होणार नाही. मालशे ह्यांची आवृत्ती आहे, रोझलिंड ओहॅनलन ह्यांचे १९९४ सालचे इंग्रजी भाषांतर आहे. पान उभे राहते ते त्या टेकूंवर.

टेकू लावण्याचे काम आपल्या जिल्ह्याने पूर्वी केलेले आहे. चिखलीचे पंढरीनाथ सीताराम पाटील ह्यांनी जोतीरावांचे चरित्र १९२७ साली प्रसिद्ध केले. जोतीराव जाऊन सदतीस वर्षे झाली होती, त्यांना पाहिलेली माणसे अजून हयात होती. आणखी वीस वर्षे थांबले असते तर विचारावयास कोण उरले असते?

इर्जिकीचा एक नियम सांगावयाचा राहिला. ज्याच्या शेतात बोलावणे असते त्याच शेतात औते जातात. नटांवर, क्रिकेटपटूंवर, पुढाऱ्यांवर लिहावयास माणसे आपोआप जमतात. कोशात लिहिणाऱ्यांत स्त्रिया पाचांत एकीहूनही कमी आहेत असे सर्वेक्षणे सांगतात, आणि कोणत्या बायकांची पाने राहून जात असतील ते ह्यावरून समजावे. खामगावची रेल्वे १८७० साली सुरू झाली, कापसासाठी. तिची तारीख मिळते, गव्हर्नर जनरल मेयोसाहेब त्या वर्षी येथे आल्याची नोंद मिळते. गाठी वाहणाऱ्या हमालांचे, सरकी निवडणाऱ्या बायांचे नाव मिळत नाही. जमाखर्चाच्या वहीत ते हमाली खात्याचा एक आकडा असतात.

आमच्या संघटनेच्या कपाटात जुन्या सभांची इतिवृत्ते आहेत. काहींना वाळवी लागली आहे, काहींची शाई फिकट झाली आहे; पण ठराव मांडणाराचे, अनुमोदन देणाराचे नाव बहुधा वाचता येते, आणि अंगठ्यांच्या शेजारी कोणाचा अंगठा तेही लिहिलेले आहे. हल्ली दर रविवारी दोघे तरुण ती उतरून काढीत आहेत. ती वही कोशाला आधार म्हणून चालत नाही, हे त्यांनी आधीच विचारून घेतले. म्हणून तिची पुस्तिका छापावयाची, एक प्रत जिल्हा ग्रंथालयात आणि एक ह्या व्याख्यानमालेच्या वाचनालयात ठेवावयाची, आणि मग धूळपाटीवर बसावयाचे, असे ठरले आहे. कागदाचा भाव विचारून झाला आहे. वर्गणीचे पुस्तक आम्ही आज बरोबर आणले आहे; ते व्यासपीठाच्या उजव्या बाजूच्या टेबलावर आहे.