कूड, बोट आणि पुढचा देश

परदेशी गेलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती माणसाची कथा सांगताना आपण बहुधा सोडलेले गाव आणि गाठलेला देश एवढेच सांगतो. मधले मुक्काम गळून पडतात. वास्तविक अनेक घराण्यांनी दोन-तीन पिढ्यांत तीन-चार देश पाहिले, आणि प्रत्येक मुक्कामी पुढच्या वाटेचा बेत नव्याने केला.

पहिला मुक्काम मुंबई. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या मंडळींनी ‘कूड’ नावाचे क्लब काढले. अल्प भाडे, पेटी ठेवण्यापुरती जागा, सायंकाळी वेदीपुढे रोजरी आणि वर्षातून एकदा गावच्या संताचा सण. बोटीची वाट पाहणारा खलाशी वा आचारी येथेच राही. कोणत्या बंदरात कोणते काम मिळते, हे परतलेल्यांच्या तोंडून त्याला कळे.

दुसरा मुक्काम पूर्व आफ्रिका. मोंबासा, नैरोबी, कंपाला येथे ब्रिटिश अमलात कुणी कारकून झाले, कुणी शिंपी, कुणी आचारी. नैरोबीत शिंप्यांची संस्था निराळी, कारकुनांचा क्लब निराळा. वेदीपुढची समता क्लबाच्या दाराशी थांबे, हेही आपण विसरू नये. बेत मात्र बहुतेकांचा एकच होता: पैसा साठवावा, गावी घर बांधावे आणि म्हातारपणी परतावे.

हा बेत राजकारणाने मोडला. १९६१ साली गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली. टांगानिका १९६१ मध्ये, युगांडा १९६२ मध्ये व केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. आता कोणाचे पासपोर्ट घ्यावे, हा घराघरांतला प्रश्न झाला. १९६८ च्या कायद्याने ब्रिटनने केनियातील ब्रिटिश पासपोर्टधारक आशियाईंचीही वाट अडवली. कॅनडाने मात्र १९६७ पासून शिक्षण व कौशल्य पाहून गुण देण्याची पद्धत आणली होती. इंग्रजी शिकलेल्या कारकुनाला ती उपयोगी पडली, अल्पशिक्षित शिंप्याला तितकी नाही. १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाईंना युगांडा सोडण्यास ९० दिवस दिले, तेव्हा बेत करण्यासही अवधी उरला नाही.

पुढे आखाती देश आले. मग आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवून इंग्लंडमधील स्विंडनला जाणारी पिढी आली. पोर्तुगाल त्यांच्यासाठी कागदापुरताच मुक्काम ठरला. २०२० च्या अखेरीस ब्रिटनमधील युरोपीय नागरिकांची मुक्त ये-जा थांबली आणि ती वाटही नव्या येणाऱ्यांना बंद झाली.

वाट माणूस आखतो. दारे उघडणे आणि लावणे राज्यांच्या हाती असते. म्हणून आपल्या धर्मग्रामातून आज निघणाऱ्या तरुणाला केवळ निरोपाची मिस्सा पुरेशी नाही. करारपत्र वाचून दाखवणारा, अनुभव सांगणारा आणि परतल्यास जागा देणारा माणूस त्याला हवा. कुडीने हेच काम केले होते. ते आता आपण करावयाचे आहे.