छोटा हत्ती अन् पाणंद

काल सोयाबीनचे 12 कट्टे छोट्या हत्तीत टाकून परभणीच्या मोंढ्यात नेले, तेव्हा जुनं आठवलं.

1945 साली अमेरिकेत विलीज कंपनीनं लष्करातली जीप शेतकऱ्यांसाठी विकायला काढली. मागं नांगर जोडता यायचा. 1947 पासून महिंद्रा मुंबईत ती जोडू लागली. पण आपल्या गावात जीप आली ती बीडीओ सायबाची गाडी म्हणून! पुढं काळी-पिवळी झाली, टपावर माणसं. माल मात्र बैलगाडीतच.

2005 ला टाटा एस निघाली, तीच आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडर, 700 सीसी, पाऊण टन माल. म्हणजे सोयाबीनचे 12 कट्टे बरोबर. पूर्वी ट्रक भरण्याइतका माल नसला की आम्ही गावातच देऊन टाकायचो, व्यापारी म्हणेल त्या भावात. आता भाव बघून थोडाही नेता येतो.

पण आपली जमीन काळी. परतीचा पाऊस आला की सोयाबीनची सुडी शेतात अन् गाडी डांबरीवर. पाणंदीत चाक घातलं की रुतलंच. बैल तर कधीच विकले. पाणंदीवर मुरूम टाकायला आम्ही 7 जणांनी वर्गणी काढलीय, दोघं अजून तयार नाहीत.