वनस्पती तेलांचे हायड्रोजनीकरण : अपद्रव्यांचा परिणाम

निकेल या उत्प्रेरकाच्या साहाय्याने तेलातून हायड्रोजन खेळवला की तेल घट्ट होते. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले. आपल्याकडचा डालडा याच प्रक्रियेतून आला. निकेल लागते तेलाच्या वजनाच्या जेमतेम ०.०१ ते ०.२ टक्के. सारी क्रिया एवढ्याशा धातूच्या पृष्ठभागावर होते, म्हणून तेलातली वा वायूतली किंचित घाणही महागात पडते.

सर्वांत घातक गंधक. मोहरी फेसताना नाकात झणका जातो तो गंधकयुक्त संयुगांमुळे. मोहरीवर्गीय बियांच्या कच्च्या तेलात अशी संयुगे उतरतात. निकेलला चिकटलेले गंधक पुन्हा सुटत नाही. तेलातले १ पीपीएम गंधक तेलाच्या सुमारे ०.००४ टक्के निकेल निकामी करते. अशा बॅचमध्ये टाकीतला हायड्रोजनचा दाब उतरत नाही, क्रियेच्या उष्णतेने चढणारे तापमान चढत नाही आणि काढलेला नमुना गार झाल्यावरही पातळच राहतो.

नुसता वेग मंदावला असता, तर जास्त निकेल घालून भागले असते. पण तयार होणारा पदार्थच बदलतो. मेदाम्लाच्या दुहेरी बंधाला हायड्रोजनचा एक अणू जोडला गेल्यावर लगेच दुसरा मिळावा लागतो. गंधकाने पृष्ठभाग अडवला की हायड्रोजनची टंचाई होते. अणू निघून जातो, बंध पुन्हा जुळतो, मात्र बहुधा ट्रान्स रूपात.

सोयाबीन तेलातल्या फॉस्फॅटाइडांचा, म्हणजे डिंकाचा, परिणाम वेगळा. तो उत्प्रेरकाच्या छिद्रांची तोंडे बुजवतो. आत अडकलेला तेलाचा रेणू पूर्ण संपृक्त होऊनच बाहेर पडतो आणि स्टिअरिक आम्ल वाढून मेद नको तितका कठीण होतो.

साबण व ओलावा यांनीही उत्प्रेरक मंदावतो. मुक्त मेदाम्लांमुळे निकेलचा साबण बनतो. हायड्रोजनमधल्या कार्बन मोनॉक्साइडची बाधा मात्र तापमान वाढवले की बरीचशी ओसरते.

म्हणून डिंक काढणे, आम्ल मारणे, विरंजक मातीतून गाळणे हे सारे आधी उरकावे लागते. मोहरीवर्गीय तेलात आधी वापरलेले जुने निकेल घालून त्याला गंधक शोषू देतात, मग ताजे घालतात. उलट, तोंडात चटकन विरघळणारे मिठाईचे मेद बनवण्यासाठी गंधकबाधित निकेल मुद्दाम वापरत. त्यात ट्रान्स मेदाम्ले भरपूर असत. भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व मेदांतील ट्रान्सची मर्यादा २ टक्के झाल्याने असे मेद खाण्यासाठी विकता येत नाहीत.