धीट आईची धीट लेक

भगिनींनो, आपल्या चिटणीसबाईंनी ‘कर्तृत्ववान स्त्री’ या विषयावर मजकूर मागितला, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि लिहिण्याची सवय वाण्याच्या वहीपुरती. पण गेल्या दिवाळीत माझी भाची सुटीला आली होती. ती पुण्यास चित्रपटाचे शिक्षण घेते. तिने मला संगणकावर एका परदेशी बाईंचे दोन छोटे बोलपट दाखविले आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ मराठीत सांगितला. त्या बाईंची हकिकत मनातून जाईना, म्हणून हे धाडस करीत आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

या बाईंचे नाव न्गोझी ओनवुरा. न्गोझी म्हणजे इग्बो भाषेत आशीर्वाद. त्यांचा जन्म १९६६ साली आफ्रिकेतील नायजेरियात झाला. वडील इग्बो जमातीचे. न्यूकॅसल येथे डॉक्टरी शिकत असताना त्यांनी मॅज नावाच्या गोऱ्या मुलीशी लग्न केले. नायजेरिया १९६० साली इंग्रजांच्या राज्यातून मुक्त झाला. पण १९६७ साली पूर्वेकडील इग्बो मुलखाने बायाफ्रा नावाचे वेगळे राष्ट्र जाहीर केले आणि यादवी पेटली. ती १९७० च्या जानेवारीपर्यंत चालली. लढाईपेक्षाही उपासमारीने अगणित माणसे, त्यांत लहान मुले, दगावली. वडील बायाफ्राच्या सैन्यात राहिले आणि आई मुलांना घेऊन इंग्लंडात न्यूकॅसलला परतली. नवरा दूर, हाताशी सावळी पोरे आणि आजूबाजूला सगळी गोरी वस्ती! एकट्या बाईने संसार कसा रेटला असेल, हे आपणांस सांगायला नको.

न्गोझीबाईंनी पुढे सेंट मार्टिन्स या कलाशाळेत आणि नंतर नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये शिक्षण घेतले. १९८८ साली त्यांचा ‘कॉफी कलर्ड चिल्ड्रन’ हा लघुपट आला. त्यात त्यांनी स्वतःचेच बालपण दाखविले आहे. एक गोरा तरुण या कुटुंबाच्या दारावर घाण फासून जातो. दोघे बहीणभाऊ न्हाणीघरात बसून भांडी घासायच्या पावडरीने अंग घासतात. का, तर रंग जावा म्हणून. हे पाहताना मला रडू आले. मी सावळी. लहानपणी आई दर रविवारी डाळीचे पीठ लावून मला इतके चोळी, की अंग लाल होई. तिची माया खोटी नव्हती. पण ‘हिला कोण पदरी घेईल’ हे वाक्य त्या चोळण्यात होते.

दुसरा लघुपट १९९१ चा, ‘द बॉडी ब्युटिफुल’. भगिनींनो, माझे लिहिणे खरे याच्यासाठी आहे. मॅजबाईंना स्तनाचा कर्करोग झाला आणि एक स्तन काढावा लागला. शिवाय संधिवाताने हातपाय आखडले. लेक मात्र तरुण, देखणी, छायाचित्रांसाठी उभी राहणारी. या मायलेकींच्या नात्यावर लेकीने बोलपट काढला. स्वतःच्या भूमिकेसाठी तिने दुसरी मुलगी घेतली, पण आईच्या भूमिकेत खुद्द आईच उभी राहिली! बाष्पस्नानाच्या जागी टॉवेल सरकतो, व्रण दिसतो आणि बाया टक लावून पाहतात, असा एक प्रसंग आहे. आणखी एक लिहिताना लेखणी अडखळते. या वयात, या शरीराने, एका तरुणाने आपल्याला जवळ घ्यावे असे ती आई मनात रंगविते. ते पाहताना मी पदर तोंडावर घेतला. पण उठून गेले नाही.

१९९३ साली ‘मंडेज गर्ल्स’ हा माहितीपट करण्यासाठी त्या नायजर नदीच्या मुखाकडील वाइकिरिकी लोकांत गेल्या. तेथे मुली वयात आल्या की ‘इरिया’ नावाचा विधी होतो. मुलींना कित्येक आठवडे घरात ठेवून खाऊपिऊ घालतात, सजवितात आणि उघड्या छातीने गावापुढे आणतात. आपल्याकडेही पूर्वी मुलीला न्हाण आले की मखरात बसवीत, त्याची आठवण झाली. फ्लॉरेन्स नावाची मुलगी हा विधी मानाचा मानते; शहरात राहून आलेली दुसरी मुलगी तसे उभे राहण्यास नकार देते. न्गोझीबाई दोघींचेही ऐकून घेतात.

१९९५ साली ‘वेलकम टू द टेररडोम’ हा त्यांचा मोठा चित्रपट लागला. गुलामगिरीपेक्षा समुद्रात चालत जाणे पत्करणाऱ्या इग्बो लोकांच्या दंतकथेपासून तो सुरू होतो. निर्मितीस भाऊ सायमन होता. ब्रिटनमधील कृष्णवर्णीय स्त्रीने दिग्दर्शित केलेला व चित्रगृहांत लागलेला हा पहिला मोठा चित्रपट. समीक्षकांनी मात्र त्यावर कठोर टीका केली. पुढे २००६ साली बीबीसीसाठी त्यांनी ‘शूट द मेसेंजर’ केला. विद्यार्थ्याच्या खोट्या आरोपाने आयुष्य उद्ध्वस्त झालेल्या कृष्णवर्णीय शिक्षकाची ती कथा. त्यावर त्यांच्याच समाजातून वाद झाला. त्यांची बहीण ची ओनवुरा २०१० साली न्यूकॅसलमधून पार्लमेंटात निवडून आली. ज्या गावात ही पोरे परकी होती, त्याच गावाने हा मान दिला!

आता घरचे सांगते. माझ्या सासूबाईंचेही असेच ऑपरेशन झाले होते. गाठ लागल्यावर त्या आठ महिने गप्प राहिल्या. शेजारणींना आम्ही ‘पोटाचे ऑपरेशन’ म्हणून सांगितले. त्यांच्या पोलक्यात कापसाची घडी मीच शिवून देत असे. पण त्या विषयावर सासू-सुनेत एक शब्द झाला नाही. ऑपरेशननंतर चार वर्षांनी त्या गेल्या. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्यांनी मला परवानगी दिलेली नाही. मॅजबाईंनी आपल्या लेकीला ती दिली.

येत्या वर्षी आपल्या मंडळाने हळदीकुंकवाच्या दिवशी एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलवावे आणि गाठ कशी तपासावी हे सगळ्यांना दाखवून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. चहाचा खर्च मी करीन.